कासमचाचांचा अंगठा

कासमचाचांकडे गाडी घेऊन गेलेल्या माणसाला पहिल्या भेटीत जमिनीवर आडवं व्हावं लागे. मग तो डॉक्टर असो, वकील असो, की माझ्यासारखा रोह्याच्या कंपनीतला हिशेबनीस असो.

पेणला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची शेड होती. बोर्ड नव्हता. गंजलेले पत्रे नीट करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या छपराला मात्र चार भोकं होती, आणि त्यांच्याखाली चार डबे कायमचे मांडून ठेवलेले. मी पहिल्यांदा गेलो तो कडक इस्त्रीची पँट घालून. बदलून गेलेल्या एका साहेबाची जुनी पांढरी गाडी मी नुकतीच घेतली होती. आमच्या आळीत गाडी असलेला मी तिसरा माणूस, त्यामुळे मान जरा ताठच होती. चाचांनी मिठाचं एक रिकामं पोतं जमिनीवर अंथरलं आणि म्हणाले, "झोपा."

"मी?"

"मंग काय मी? गाडी कोनाची हाय?"

मी इकडेतिकडे पाहिलं आणि झोपलो. शेजारी तेही झोपले, आणि आम्ही दोघं गाडीच्या पोटाकडे बघत पडलो. "वरचं तर शेजारी पन बघतात, साहेब," ते म्हणाले. "मालकानं खालचं बघायचं."

उंच, वाळकी अंगकाठी, चौकटीची लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, वर पांढरं बनियन. त्या बनियनवर ठिणग्यांची इतकी बारीक भोकं असत की कापड मुळातच तसं विणलंय असं वाटावं. हातात एक छोटी हातोडी. ती दोन बोटांत सैल धरून ते गाडीचा तळ ठोकत जात आणि कान तिरपा करून ऐकत. चांगला पत्रा टणटण वाजायचा. सडलेल्या जागी थप्प असा आवाज यायचा, की ते खडूनं गोल काढायचे. ठोकताना कुणी बोललेलं खपत नसे. एकदा तालुक्यातले एक बडे पुढारी काही सांगायला लागले, तर गाडीखालून आवाज आला, "जरा गप ऱ्हावा, पत्र्याचं ऐकतोय." पुढारी गप्प राहिले. त्यांना गप्प बसलेलं पेणकरांनी बहुधा त्या दिवशीच पाहिलं.

आमच्याकडची हवाच खारी. खाडी, मिठागरं, पावसाळ्यात रस्त्यावर चढणारं भरतीचं पाणी, या सगळ्यातून गाडी जाते आणि तळ खात बसतो. चाचा गंज बघून गाडी कुठे उभी असते, तिच्यातून काय नेलं जातं, हे सांगत. आमच्या आळीत एक अतिशय सोवळे गृहस्थ होते. घरात कांदासुद्धा येत नसे. त्यांच्या डिकीचा पत्रा खरवडताना चाचांनी हळूच विचारलं, "शेठ, सुके बोंबील किती वर्सं नेताय?" गृहस्थ लालबुंद झाले. त्यांचा मुंबईला सुक्या मासळीचा चोरटा व्यापार होता, हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. मला कळलं, कारण मी शेजारच्या गाडीखाली आडवा होतो. चाचांनी नंतर मला बजावलं, "साहेब, हितलं ऐकलेलं हितंच ठेवायचं." आणि त्यांनी स्वतः ते जन्मभर ठेवलं. कुणाच्या गाडीखाली काय दिसलं, हे त्यांच्या तोंडून दुसऱ्याला कधी कळलं नाही.

मधे दोन वर्षं ते कुवेतला जाऊन आले. भाऊबंद सगळे तिकडे, त्यांनी ओढून नेलं. परत आल्यावर लोक विचारायचे, एवढी चांगली नोकरी का सोडली? चाचांना त्या प्रश्नाचा राग यायचा. "तिकडं दरवाजाला पोचा आला का आख्खा दरवाजा काढून फेकतात आनि नवा लावतात. मी म्हनलं, आरे बाबा, ठोकून देतो. तर हसतात. फेकायलाच मानूस पायजे व्हता, तर मना विमानात कशाला घातला?" हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला असे. मला त्याची गंमत वाटायची. मी तो किस्सा कंपनीत त्यांच्या आवाजात सांगून हशा मिळवत असे.

पुट्टी या पदार्थाशी त्यांचं वैर होतं. सडलेल्या पत्र्यावर पुट्टी थापायची, घासायची, वरून रंग मारायचा, की गाडी नवी दिसते आणि आत गंज निवांत खात राहतो. कुणी तसं करून मागितलं, तर चाचा त्याला चहा पाजत आणि परत पाठवत. चहा मात्र आठवणीनं पाजत. ते सडलेला भाग पूर्ण कापून काढत, नवा पत्रा बसवत, गॅसवर जोड देत, रेड ऑक्साइडचे दोन हात मारत. आणि सगळं वाळलं की अंगठा त्या लाल रंगात बुडवून जोडाच्या शेजारी उठवत. सही येत नव्हती म्हणून सुरुवात झाली असावी. पण पुढे पेण, रोहा, नागोठणे या पट्ट्यात जुनी गाडी घेणारा माणूस इंजिन बघायच्या आधी पायाखालची चटई उचलून बघू लागला. खाली अंगठा असला की सौदा ठरला.

अंगठ्याची दुसरी बाजू फार थोड्यांना माहीत होती. गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली की चाचा आपला जुना अंगठा पॉलिश पेपरनं घासून पुसून टाकत. मालकाच्या देखत. पुसून झाल्यावर म्हणत, "आता हिचं माझं काय नाय." ते बघताना मालकाचा चेहरा पडलेला असे, पण तक्रार कुणी करत नसे.

माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली त्यांचा अंगठा होता. पहिल्या वर्षी त्यांनी तिथला पत्रा बदलला होता आणि तो शेवटपर्यंत टणटण वाजला. त्या गाडीनं मी आठ वर्षं पेण-रोहा केलं. मग एका शुक्रवारी सकाळी मी ती पुन्हा घेऊन गेलो, कारण मागच्या सीटखाली पावसाचं पाणी दिसायला लागलं होतं. दुरुस्त करायची की नाही, एवढंच विचारायचं होतं. मनातून मला "करू या" असं ऐकायचं होतं.

आम्ही पोतं अंथरून झोपलो. चाचा मागच्या बाजूला ठोकत गेले. थप्प, थप्प, थप्प. खडूचे गोल एकमेकांना भिडले, तेव्हा त्यांनी गोल काढणं सोडून दिलं. मागच्या सीटखालची आडवी पट्टी त्यांनी अंगठ्यानं दाबली आणि तिचा तुकडा त्यांच्या छातीवर पडला.

"साहेब, हिला करू नका."

"नवा पत्रा टाकला तर?"

"नवा पत्रा जोडायला जुना चांगला पत्रा लागतो. तोच ऱ्हायला नाय. मी जोड कोनाला देऊ?" ते बाहेर आले, कपडे झटकले. "मागं कोनाला बसवू नका आता. भंगारात द्या. विकू नका कोनाला."

त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा घेतला, पाण्यात भिजवला आणि पुढचा दरवाजा उघडला. तेवढ्यात मशिदीतून बांग आली. शुक्रवारची नमाज. चाचांनी पेपर चाकावर ठेवला. "येतो पढून. मंग पुसतो. बसा, चा सांगितलाय."

मी स्टुलावर बसलो. चहा आला, तो प्यायलो. मग उठलो, चाकावरचा तो ओला कागद उचलून स्टुलावर ठेवला, आणि गाडी चालू करून घरी आलो.

हे मी ठरवून केलं. उशीर होत होता, असं मी स्वतःला रस्ताभर सांगत होतो, पण तेव्हाही मला माहीत होतं की मी त्यांचा अंगठा घेऊन पळतोय. आठ वर्षं जपलेली गाडी भंगाराच्या काट्यावर चढवायची, हे माझ्यानं होत नव्हतं. आणि नवी घ्यायची तर ही चांगल्या भावानं जायला हवी होती. इतकं साधं कारण होतं, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

पेणला कुणाला कळायला नको म्हणून मी गाडी रोह्याला, वरसे गावाच्या बाजूला, एका रंगाऱ्याकडे टाकली. त्यानं दोन दिवसांत पुट्टी भरली, तळाला काळा रंग मारला, आणि गाडी लग्नाला निघाल्यासारखी दिसू लागली. नलूनं, माझ्या बायकोनं, विचारलं, "अहो, चाचा काय म्हणाले?"

"म्हणाले, किरकोळ आहे," मी म्हटलं.

गाडी घ्यायला खाडीकाठच्या एका गावाहून मोरेश्वर आला. मिठागरावर काम करणारा, चाळिशीचा, अंगानं मीठ खाऊन वाळलेला माणूस. त्याच्या आईला दर मंगळवारी पेणच्या दवाखान्यात आणावं लागे. गावातून मोठ्या रस्त्यापर्यंत बांधावरून तो तिला पाठीवर घेऊन यायचा, आणि मग एसटीची वाट बघायची. भावानं परदेशातून काही पाठवलं होतं, त्यात जुनी गाडी बसत होती. बरोबर त्याची बायको होती, पारू. ती गाडीला हात न लावता लांबूनच बघत होती.

मोरेश्वरनं ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली. खाली वाकून बघितलं. बोटानं अंगठ्याच्या ठशाला स्पर्श केला आणि ते बोट कपाळाला लावलं.

"मना गारीतला काय कलतं?" तो हसून म्हणाला. "चाचाचा अंगठा हाय, झाला."

पारू लांबून म्हणाली, "तरी एकदा चाचाला दाखवून आनू या की वो."

मोरेश्वरनं माझ्याकडे पाहिलं. त्या घटकेला मी फक्त गप्प राहिलो असतो तरी पुरलं असतं. पण मी बोललो. मी म्हणालो, "दाखवा की. पण कशाला? अंगठा आहे ना."

पारूलाही ते पटलं. जाताना ती मागच्या सीटवर बसली.

पुढे दोन महिन्यांनी, भाजी घ्यायला निघालो असताना, चाचांच्या शेडपुढे मला गर्दी दिसली. एका टेम्पोवर माझी गाडी होती. मी पलीकडच्या पानाच्या टपरीच्या आडोशाला उभा राहिलो. तिथल्या तिथे जे कानावर आलं ते असं: मंगळवारी आईला दवाखान्यातून परत नेताना, रस्त्यावरच्या एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मागचा तळ सुटला. म्हातारीला पारूनं मांडीवर ओढून धरलं, म्हणून तिला काही झालं नाही. पारूचा उजवा पाय खाली गेला आणि गाडी थांबेपर्यंत रस्त्यावरून घासत गेला. ती अलिबागच्या दवाखान्यात होती. पाय वाचणार होता, पण घोटा गेला होता. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून चालणं तिला आता जमणार नव्हतं.

मोरेश्वर ओरडत नव्हता, हे मला आठवतं. त्याच्याबरोबरचे लोक ओरडत होते. तो नुसता म्हणत होता, "चाचा, तुमचा अंगठा बघून घेतली ना वो. तुमचा अंगठा बघून घेतली."

चाचा टेम्पोवर चढले. गाडीच्या मागच्या बाजूला वाकून त्यांनी पाहिलं, पुट्टीचा एक पापुद्रा सोलून हातात घेतला. गाडी कुणाची, हे त्यांना कळलं नसेल असं होणारच नाही. त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं की अंगठा पुढच्या पत्र्याचा आहे, मागचा सडलाय, गाडी भंगारात द्या असं मी सांगितलं होतं, त्या साहेबाला जाऊन विचारा. लोक तडक माझ्या दारात आले असते.

चाचा खाली उतरले. म्हणाले, "पुसायला पायजे व्हता. मी पुसला नाय. चूक माझी हाय."

कुणीतरी त्यांना ढकललं. ते मागच्या डब्यावर आपटले, डब्यातलं पाणी सांडलं. मोरेश्वरनंच मधे पडून माणसं आवरली. आणि उठताना चाचांची नजर रस्त्यापलीकडे, टपरीवर गेली. त्यांनी मला पाहिलं. मी अजूनही कधीकधी स्वतःला सांगून बघतो की पाहिलं नसेल, पण ते खोटं आहे. त्यांनी पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी भाजीची पिशवी घेऊन घरी आलो, आणि नलूला सांगितलं की बाजार बंद होता.

त्यानंतर चाचांनी कुठल्याही गाडीवर अंगठा उठवला नाही. काम करत राहिले, पण लोक येईनासे झाले. हायवेला नवी गॅरेजं निघाली होती, तिथे पुट्टी मारून संध्याकाळी गाडी मिळायची. एकदा नलू दवाखान्यातून आली आणि म्हणाली, "अहो, कासमचाचा भेटले. रिक्षातून कुणा म्हातारीला घेऊन आले होते, दर मंगळवारी आणतात म्हणे. किती करतो हो हा माणूस! तुम्हांला सलाम सांगितलाय." मी वर्तमानपत्र वाचत होतो. पान न उलटता तेच वाचत राहिलो. ती म्हातारी गेली तोवर, दोन-अडीच वर्षं, चाचांनी एक मंगळवार चुकवला नाही, असं मला पुढे कळलं.

मी त्यांच्याकडे जायला हवं होतं. कितीदा निघालो, आणि स्टेशनच्या रस्त्याला न वळता सरळ पुढे गेलो. आधी वाटायचं, प्रकरण ताजं आहे. मग वाटायला लागलं, आता जुनं झालंय, कशाला उकरायचं. या दोन्हींच्या मधे कधीतरी एक योग्य दिवस असणार, तो मला काही सापडला नाही. चाचांच्या कुवेतच्या गोष्टीवर कंपनीत पुन्हा हशा मिळवायचं धाडस मात्र झालं नाही.

शेवटचे भेटले ते पेणच्या एसटी स्टँडबाहेर. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. नवी गाडी सावलीत लावून मी नारळपाणी पीत होतो आणि समोर चाचा उभे. लुंगी तीच, वर सदरा होता. वेल्डिंगच्या उजेडानं डोळे अधू झालेले, त्यामुळे मान पुढे काढून बघत होते. हातात कापडी पिशवी.

"साहेब ना? बरे हाव काय?"

पळायला जागा नव्हती. मी म्हटलं, "बरा आहे, चाचा. तुम्ही?"

"आपलं चाललंय. वैनी?"

"मुलीकडे गेलीय पुण्याला, महिनाभर. मी एकटाच आहे. वेळच वेळ."

त्यांनी मान हलवली. गाडीपाशी गेले, वाकले, दरवाजाखालच्या पट्टीवरून हात फिरवत पुढून मागे आले. "चांगली हाय. पानी साठू देऊ नका." आता सांगावं, असं वाटलं. तोंड उघडलंही.

"चाचा, तेव्हा मी..."

"पारूकडं चाललोय," ते म्हणाले. मला अडवायला म्हणाले की सहज, ते कळलं नाही. "ती बाई, तुमच्या गाडीतली. म्हैन्यातनं एकदा जातो. काठी घेऊन चालती आता. बाजारात बसती मीठ घेऊन. मानूस चांगली हाय." मग त्यांनी अधू डोळे माझ्यावर रोखले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "येता काय? गाडी हायच. अर्ध्या तासाचा रस्ता. मी हाय ना संगती."

एवढ्या वर्षांत माझ्यावर कुणी इतके उपकार केले नव्हते. मला नुसतं दार उघडून द्यायचं होतं. किल्ली माझ्या हातात होती.

मी म्हणालो, "आज नको, चाचा. घरी वाट बघत असतील."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोललो. चाचांनाही कळलं. मग त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "व्हय, व्हय. जावा. वाट बघत आसतील."

समोर टमटम भरत होती. मागे जागा नव्हती. ड्रायव्हरनं थोडं सरकून घेतलं, आणि चाचा त्याच्या शेजारी अर्धे बाहेर लटकत बसले, पिशवी पोटाशी धरून. टमटम खाडीच्या रस्त्याला लागली. मी तिथेच उभा होतो, आणि माझी गाडी रिकामी होती.